सत्तेचाळीस एफ पंधरा : एका नकाशाचे रसग्रहण

कात्रजचा डोंगर ज्या कागदावर उतरला आहे त्याची ओळख एका क्रमांकाने होते : ४७ एफ/१५. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतला हा स्थलनिर्देशक नकाशा. भूगोलाचे विद्यार्थी आणि डोंगरभटके त्याला टोपोशीट म्हणतात. नव्या ओपन सिरीजमध्ये क्रमांकाची पद्धत बदलली, पण पत्रकाची चौकट तीच राहिली. रसग्रहण करायचे ते कवितेचे, फार तर चित्राचे, अशी आपली समजूत असते. हा कागद मात्र कितीदाही उलगडला तरी मला पुरत नाही. त्यात काय आहे आणि ते कसे वाचावे, हे सांगण्याची इच्छा बरेच दिवस मनात होती.

सुरुवात क्रमांकापासूनच करावी, कारण तोच या कागदाचा पत्ता आहे. सर्वेक्षण विभागाने सगळा देश चार अंशांच्या चौकटींत विभागला. त्यांतली सत्तेचाळिसावी चौकट १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांच्यामधली. तिचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. एफ म्हणजे १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश. त्या एफचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, आणि त्यांतला पंधरावा आपला. ही रीत एकदा कळली की देशातले कोणतेही पत्रक नुसत्या क्रमांकावरून मनात जागच्या जागी बसते. आपल्या पत्रकाची वरची कड १८ अंश ३० मिनिटांवर आणि खालची १८ अंश १५ मिनिटांवर आहे. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर होतात. उत्तर-दक्षिण साधारण पावणेअठ्ठावीस किलोमीटरचा मुलूख पंचावन्न सेंटिमीटरांत बसवलेला आहे.

आणि तो मुलूख केवढा भारलेला! पश्चिमेच्या कडेला अगदी टेकून सिंहगड. त्याच्या उत्तरेला खडकवासल्याचे निळे पाणी. आग्नेयेच्या कोपऱ्यात पुरंदर आणि वज्रगड. दक्षिणेकडे शिवगंगेच्या खोऱ्यात खेड शिवापूर. वरच्या भागात, मधोमधपासून जरा डावीकडे, कात्रज. शिवकाळाचा निम्मा थरार ज्या भूमीवर घडला ती एका घडीच्या कागदावर सापडते.

नवखा वाचक या कागदावर प्रथम ओळखीची नावे शोधतो आणि मग लाल रेघेने जाणारा रस्ता पकडतो. ते स्वाभाविकच आहे. पण रस्त्यावरून वाचलेला नकाशा अर्धाच वाचला जातो. या पत्रकाचा प्राण तपकिरी रेषांत आहे. त्या समोच्चरेषा, म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. लगतच्या दोन रेषांमध्ये वीस मीटरांचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषेपासून जाड रेषेपर्यंत शंभर मीटरांची चढण. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की जमीन पसरट. सातवीच्या भूगोलात हे आपण सगळेच शिकतो, दोन गुणांपुरते पाठ करतो आणि विसरून जातो. खरे तर नकाशा वाचायला तिथूनच सुरुवात होते.

कात्रजच्या दक्षिणेला पाहा. पूर्व-पश्चिम पसरलेली भुलेश्वरची रांग तिथून जाते. तिथे तपकिरी रेषा जुड्या बांधल्यासारख्या येतात. दाट रेषांचा एक पट्टा, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा दाट पट्टा, आणि माथ्यावर एखादे बंद वर्तुळ, आतून कोरे. ही लय सह्याद्रीची स्वतःची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक साचले. त्यांतले कठीण थर कडे होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून पट्ट्या झाल्या आणि माथे सपाट उरले. हिमालयाच्या पत्रकावर रेषांची ही ठेवण दिसणार नाही. कागदावर एकही अक्षर नसते आणि नुसत्या रेषा पाहायला मिळाल्या असत्या, तरी जाणकार वाचकाने हा बेसॉल्टचा मुलूख आहे हे ओळखले असते. शैलीवरून लेखक ओळखावा, तसा इथे खडक ओळखता येतो.

रेषांची दुसरी लकब वळणांत आहे. डोंगराच्या अंगावरून जाताना समोच्चरेषा मध्येच टोकदार वळण घेतात. टोक उताराच्या दिशेने, म्हणजे खालच्या आकड्याकडे असेल तर ती डोंगराची सोंड. टोक चढाकडे रोखलेले असेल तर ती घळ, आणि तिथून पावसाळ्यात पाणी उतरणार. एवढा एक नियम मनात ठेवून कात्रजच्या घाटाची धार बोटाने शोधत जावे. धारेच्या उत्तरेकडच्या घळी एका बाजूला उतरतात, दक्षिणेकडच्या दुसऱ्या. मध्ये कोणतीही छापील रेषा नाही. पण वाचता येऊ लागले की डोळ्यांना ती दिसू लागते, आणि या पत्रकावर ती सर्वांत महत्त्वाची आहे : पाणलोटाची धार.

त्या धारेवर पडलेल्या पावसाचे नशीब वीतभर अंतराने बदलते. उत्तरेला पडलेला थेंब आंबील ओढ्यात उतरतो, पुण्यातून मुठेला मिळतो, मुळा-मुठा होऊन भीमेत जातो. दक्षिणेला पडलेला थेंब शिवगंगेच्या खोऱ्यात जातो, गुंजवणीतून नीरेला मिळतो. दोन्ही पाणी दोन वेगळ्या वाटांनी शंभराहून अधिक किलोमीटर फिरते आणि अखेर इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर, पुन्हा एक होते. संगम आपल्या पत्रकाच्या कितीतरी बाहेर, पूर्वेला आहे. पण ताटातूट इथे, कात्रजच्या माथ्यावर, या कागदावर आहे. नरसिंहपूरच्या घाटावर उभे राहिलेल्या माणसाला समोरचे दोन्ही प्रवाह कात्रजला एका डोंगरावरून निघाले हे ठाऊक असण्याचे कारण नाही. नकाशा वाचणाऱ्याला ते ठाऊक असते.

रस्त्यांकडेही मग वेगळ्या नजरेने पाहता येते. घाटातला जुना रस्ता समोच्चरेषांना शक्य तितका समांतर चालतो. एक रेषा ओलांडायला तो लांबचा वळसा घेतो, कारण बैलगाडीला आणि जुन्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे. माथ्याजवळ आला की बोगद्यात शिरतो. नव्या बोगद्याकडे जाणारा महामार्ग रेषांची फारशी पर्वा न करता सरळ कापत जातो. दोन रस्त्यांच्या दोन चालींत दोन काळांचे यंत्रबळ मोजता येते, तेही गाडीत न बसता.

जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून भटके सिंहगडाकडे निघतात. कात्रज ते सिंहगड हा पुण्यातल्या तरुणांचा जुना छंद, बहुधा चांदण्या रात्रीचा. कागदावर हे अंतर जेमतेम वीतभर आहे. मग पाय एवढे का भरून येतात? उत्तर मधल्या रेषांत आहे. वाटेवर एकापाठोपाठ बंद वर्तुळे आहेत, प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक टेकडी, आणि दोन वर्तुळांच्या मधली जागा म्हणजे खिंड. चढायचे ते पुन्हा उतरायचे, उतरलेले पुन्हा चढायचे. जाण्यापूर्वी पेन्सिलने धारेवरून वाट काढावी, ती ज्या-ज्या रेषा चढताना ओलांडते त्या मोजाव्यात आणि वीसने गुणावे. आपण खरोखर किती चढणार आहोत ते घरबसल्या कळते. धार सोडून चुकून एखाद्या सोंडेवर उतरणारे रात्री भरकटतात. सोंड आणि धार कुठे फुटतात तेही इथे स्पष्ट आहे.

सिंहगडापाशी पोहोचल्यावर तपकिरी रेषा इतक्या जवळ येतात की काही ठिकाणी त्यांची एकच जाड कड होते. कागद तिथे सांगतो, इथून वाट नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे अशाच एका कड्याने, डोणागिरीच्या बाजूने, गडावर चढले. इतिहासाच्या पुस्तकात ते वाचून छाती भरून येतेच. पण एकावर एक चढलेल्या त्या रेषा पाहिल्यावर अंगावर काटा येतो, कारण त्या रेषांना भावना नाही. त्या फक्त उंची सांगतात, आणि ती उंची पुरेशी बोलकी आहे.

आग्नेयेकडचा प्रसंग याच्या उलट आहे. तिथे पुरंदर आणि वज्रगड ही दोन बंद वर्तुळे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक खिंड. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदराला वेढा घातला तेव्हा आधी वज्रगडावर मारा केला. वज्रगड लहान आहे, पुरंदरापेक्षा कमी उंचीचा आहे. मग त्याच्यावर तोफा आणि माणसे का खर्च केली? पत्रकावर पट्टी ठेवा. वज्रगडाच्या माथ्यापासून पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात येते. एप्रिलमध्ये वज्रगड पडला आणि पुरंदरच्या माचीवर गोळे पडू लागले. मुरारबाजी देशपांड्यांचे बलिदान आणि जूनमधला तह हे सगळे त्या खिंडीच्या दोन बाजूंना दाटलेल्या रेषांशी बांधलेले आहे. वेढ्याची हकीकत मी अनेकांकडून ऐकली होती. ती समजली मात्र या कागदावर.

कात्रजच्या घाटाचीही एक गोष्ट आहे. लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पोत बांधून त्यांना घाटात सोडले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि शिवाजी महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडावर गेले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इतिहासकारांनी तिची छाननी करावी. मी फक्त एवढे पाहतो की घाटाचा उतार उत्तरेला, पुण्याकडे तोंड करून आहे, मध्ये दृष्टी अडवील अशी मोठी रांग नाही, आणि सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येला आहे. घाटातला उजेड पुण्यातून दिसावा आणि त्याकडे धावणाऱ्याला सिंहगडाची वाट बाजूला पडावी, अशीच जमिनीची ठेवण आहे. ज्याने ही गोष्ट प्रथम सांगितली त्याला हा मुलूख पायाखालचा होता.

आता रंग. टोपोशीटवर कायम वाहते पाणी निळे आणि बहुतेक वर्ष कोरडा राहणारा ओढा काळा दाखवायची रीत आहे. मोठी जंगले हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल. कात्रजच्या डोंगरातून उतरणारे ओढे पावसाळी, म्हणून त्यांच्या वाट्याला काळी रेघ येते. पायवाट काळी, गावाचे नाव काळे, कोरडा ओढाही काळा. सवय नसलेली नजर त्यावरून घसरून जाते. निळे दिसले की आपण पाणी म्हणून सावध होतो, काळ्या रेघेला पाणी मानायला मन तयार होत नाही. आपल्या पत्रकावरचा सर्वांत अवघड रंग तो आहे, असे माझे मत आहे. काळी रेघ एवढेच सांगते की सर्वेक्षण झाले तेव्हा इथे पाणी नव्हते, पण पाण्याची वाट मात्र होती.

अशा काळ्या धाग्यांतूनच आंबील ओढा जमतो. कात्रजचा तलाव सोडून तो उत्तरेला निघतो आणि पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीच्या पायथ्याकडे जात पत्रकाच्या वरच्या कडेशी येतो. १८ अंश ३० मिनिटांची ती कड पर्वती-स्वारगेटच्या आसपास शहराला छेदते. पर्वतीचे देवस्थान आपल्या पत्रकावर आहे, शनिवारवाडा वरच्या ४७ एफ/१४ वर. ओढ्याचा उगम एका कागदावर आणि शेवट दुसऱ्या. पुण्याचा नकाशा म्हणून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त वरचा कागद असतो, आणि त्यावर ओढा खालच्या कडेतून अचानक उगवतो. दोन पत्रके एकाखाली एक जोडून पाहिल्याशिवाय शहराला हे पाणी कुठून येते ते कळत नाही. ती तशीच जोडून भिंतीवर लावावीत असे मी प्रत्येक शाळेला सांगेन.

पेशव्यांच्या काळात ती जोडलेलीच होती, फक्त कागदावर नाही. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ नेला. वाटेत हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. काळा हौद, फडके हौद यांसारखे हौद या पाण्यावर भरत आणि गावाला पाणी मिळे. कुठे पंप नाही, उपसा नाही, सगळा भार उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी नळ पोखरणार, कमी झाला तर गाळ साचणार. म्हणजे त्या कारागिरांना अनेक किलोमीटरांच्या वाटेवर जमिनीची उंची हातभराच्या फरकाने कळत असली पाहिजे, आणि समोच्चरेषांचा नकाशा तर हाती नव्हता. त्यांनी आखलेली ती वाट म्हणजे जमिनीवरच ओढलेली, जराशी उतरती समोच्चरेषा आहे. पुण्याचा पहिला उत्तम उंचीदर्शक नकाशा मी या नळाला म्हणतो. त्याच पेशवाईत पर्वतीपाशी आंबील ओढ्याची वाट बदलली आणि तळे केले. सारसबागेचा गणपती पूर्वी त्या तळ्यातल्या बेटावर होता. ओढा वळवताही आला, कारण तो कुठून येतो आणि किती जोराने येतो हे वळवणाऱ्यांना कळत होते.

टोपोशीट ही नकाशाची एक जात झाली. दुसऱ्या जातीचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असतो : गावनकाशा. त्यावर डोंगर नाही, उंची नाही, किल्ला असला तरी तो एक क्रमांक. सगळा कागद वेड्यावाकड्या तुकड्यांचा, आणि प्रत्येक तुकड्यात सर्व्हे नंबर किंवा गट नंबर. या नकाशाचे मूळही पुणे जिल्ह्यात आहे. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांची आधीची मोजणी फसल्यानंतर १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी जमाबंदी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्याची रीत झाली. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही कात्रजला कुणी पत्ता सांगू लागला की सोसायटीच्या आधी सर्व्हे नंबर येतो. चार मजल्यांची इमारत उभी राहते, खालच्या शेताचा आकडा पत्त्यात टिकून राहतो.

गावनकाशा वाचताना आकडे नसलेल्या जागा शोधाव्यात. दोन नंबरांच्या मधून जाणारी, स्वतःला नंबर नसलेली चिंचोळी पट्टी ही बहुधा ओढा, नाला किंवा गाडीवाट असते. कुणाच्याही सातबाऱ्यावर न चढलेली ती जागा सगळ्यांची असते, आणि म्हणूनच ती राखायला कुणी पुढे येत नाही. शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, कात्रज १९९७ मध्ये महापालिकेत आले, २०२१ मध्ये भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर निंबाळकरवाडी, जांभुळवाडी हीही आली. घेणाऱ्याने सातबारा पाहिला, खरेदीखत पाहिले. त्या बिननंबरी पट्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

इथे प्रमाणाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण नकाशांचे प्रकार ओळखायचे म्हणजे मुख्यतः प्रमाण ओळखायचे. गुंठ्याची बाजू दहा मीटर. टोपोशीटवर ती ०.२ मिलिमीटर होते, पेनाच्या बारीक रेघेइतकी. म्हणजे ज्या कागदावर डोंगर आणि पाणी आहे, त्यावर तुमचे घर दिसणारच नाही. आणि ज्या गावनकाशावर तुमचा तुकडा अचूक आहे, त्यावर डोंगर नाही. दहा मीटर रुंदीचा ओढाही टोपोशीटवर तेवढीच रेघ, आणि तो बुजवून पाच मीटरांचा केला तरी रेघ तशीच राहते. एकाच कागदाकडून सगळे मागता येत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून, एखादे देऊळ, विहीर किंवा रस्त्याचे वळण दोहोंवर शोधून, एकावरून दुसऱ्यावर नजर नेता आली पाहिजे. ही ये-जा जमली की माणूस नकाशा वाचू लागला असे मी समजतो.

विकास आराखडा ही तिसरी जात. त्यातले रंग जमिनीवर काय आहे ते सांगत नाहीत, काय करता येईल ते सांगतात. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, आणि टोपोशीटवर तोच पिवळा शेतीचा. म्हणून प्रत्येक नकाशाची सूची आधी वाचावी लागते. आपल्याकडच्या नियमांत १:५ पेक्षा तीव्र उताराच्या जमिनीवर, डोंगरमाथा आणि डोंगरउतार म्हणून, बांधकामाला मोठी बंधने आहेत. आता ही तरतूद टोपोशीटवर कशी दिसते पाहा. १:५ म्हणजे शंभर मीटरांत वीस मीटर चढ. वीस मीटर म्हणजे लगतच्या दोन समोच्चरेषा. शंभर मीटर म्हणजे कागदावर दोन मिलिमीटर. तेव्हा दोन तपकिरी रेषा दोन मिलिमीटरांपेक्षा जवळ आल्या की तिथला उतार त्या मर्यादेपलीकडचा. शाळेतली पट्टी पुरे. अंतिम निर्णय प्रत्यक्ष मोजणीचा असतो हे खरे, पण शंका घ्यायला एवढा पुरावा बास आहे.

मेट्रोच्या नकाशाबद्दल थोडक्यात. १९३३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने हॅरी बेकने केलेला नकाशा छापला. त्यात खरी अंतरे आणि खरी वळणे सोडून फक्त स्थानकांचा क्रम ठेवला होता. आज जगभरचे मेट्रो-नकाशे त्याच वाटेने जातात. स्वारगेटहून कात्रजला येणारी साडेपाच किलोमीटरांची भुयारी मार्गिका ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. तीही स्थानकांतल्या तक्त्यावर एक सरळ जांभळी रेघ म्हणून येईल आणि प्रवाशाला तेवढेच लागते. मोबाइलवरचा नकाशा रस्ते आणि कोंडी चोख दाखवतो, पण त्याच्या नेहमीच्या रूपात उतार नसतो, आणि निळा ठिपका सदैव मध्यभागी ठेवल्यामुळे आपण कोणत्या खोऱ्यात आहोत हे कळण्याची सोय राहत नाही. तो वाट काढायला वापरावा. मुलूख समजून घ्यायला दुसरा कागद हवा.

हे सगळे का सांगतो आहे? जून २०१३ मध्ये घाटाच्या दक्षिणेला, शिंदेवाडीजवळ, डोंगर कापून नैसर्गिक नाला बुजवलेल्या ठिकाणी पावसाचे पाणी महामार्गावर लोटले आणि एक आई आपल्या मुलीसह वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर धो-धो पाऊस पडला. आंबील ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर, पद्मावती या भागांत घुसला. भिंती कोसळल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या. त्याच रात्री धारेच्या दुसऱ्या अंगाला, खेड शिवापूरला, दर्ग्यात झोपलेली माणसे वाहून गेली. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक जीव गेले. वर्तमानपत्रांत या दोन ठिकाणांच्या बातम्या वेगवेगळ्या आल्या. ४७ एफ/१५ वर त्या एकाच डोंगराच्या दोन बाजू आहेत. पाणी त्या रात्री एकाही नव्या वाटेने गेले नाही. ज्या घळींवर समोच्चरेषांची टोके चढाकडे रोखलेली आहेत, ज्या काळ्या रेघा छापलेल्या आहेत, त्याच वाटांनी ते उतरले. वाटेत काय बांधले आहे हे पाण्याला कोण सांगणार?

दोष सगळा नकाशा न वाचण्याचा नाही. परवानग्या देणारे, भिंती बांधणारे, पट्टी बुजवणारे यांची जबाबदारी मोठी आहे आणि ती त्यांच्यावरच राहिली पाहिजे. पण ओढ्याकाठी राहणाऱ्या सामान्य माणसाला आपले घर पाण्याच्या वाटेवर आहे हे ठाऊक नव्हते, याचे मला फार वाईट वाटते, कारण ते त्याला कळू शकले असते. त्यासाठी लागणारे ज्ञान आपण त्याला शाळेत शिकवले होते, फक्त परीक्षेपुरते. नववीच्या पुस्तकात वितरणाचे नकाशे आहेत, टिंब पद्धत आहे, क्षेत्रघनी पद्धत आहे, सममूल्य रेषा आहेत. मुले दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याचा नमुना नकाशा रंगवतात. कात्रजच्या मुलांनी कात्रजचे पत्रक रंगवावे. आपल्या शाळेपासून पेन्सिल निघावी, उताराने खाली जावी आणि मुठेला पोहोचावी. वर जावी आणि धारेला पोहोचावी. मग सुटीच्या दिवशी शिक्षकांनी त्यांना भिलारेवाडीकडच्या एखाद्या टेकाडावर न्यावे, पत्रक उत्तरेकडे लावून धरायला शिकवावे आणि समोरच्या प्रत्येक घळीला कागदावरचे तिचे वळण शोधायला सांगावे. पहिली घळ सापडायला वेळ लागतो. नंतरच्या भराभर सापडतात.

मोठ्यांसाठी एक विनंती. कात्रज, आंबेगाव, जांभुळवाडी, गुजर निंबाळकरवाडी या भागात जागा पाहत असाल तर सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून ओपन सिरीजचे पत्रक उतरवून घ्या, त्या जागेचा गावनकाशा महाभूनकाशावर पाहा, आणि महापालिकेकडे विकास आराखडा व पूररेषा विचारा. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. मग तिन्ही कागद शेजारी ठेवा, जवळची बिननंबरी पट्टी शोधा, वरच्या अंगाला कोणत्या घळी तिला येऊन मिळतात ते बोटाने पाहा, आणि दोन तपकिरी रेषांमध्ये पट्टी लावा. हे सगळे इसार देण्यापूर्वी करा.